दोन्ही टोकांना थोडं सारखं

डंडीत नोव्हेंबरला साडेतीनलाच अंधारतं.
टे नदीवरचा वारा थेट प्रयोगशाळेच्या खिडकीशी येतो,
खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी सांडलेल्या चिप्सवरून
सीगलांची भाऊबंदकी चाललेली.
मी घोड्याच्या रक्ताचं अगार ओतते,
झाकणं तिरकी ठेवून वाफ जाऊ देते.

इश्बेल गेडीस म्हणते, आज त्या तयार आहेत.
न्युमोनियाच्या जिवाणूंबद्दल ती असंच बोलते,
शेजारणींबद्दल बोलावं तसं.
तयार म्हणजे, एकमेकींना निरोप देऊन झालाय,
भिंतीतली दारं किलकिली झालीत,
आता बाहेर जे तरंगत असेल ते आत येऊ शकतं.

बाहेर तरंगतोय मेलेल्यांचा धागा.
काल ज्यांना मी पासष्ट अंशांवर ठेवून मारलं
त्यांचं नावगाव सुटून द्रवात पसरलंय,
चिकट, शेंबडासारखं.
(पाठ्यपुस्तकात इतकं खरं लिहीत नाहीत.)

धागा दुपदरी.
उंबऱ्यावरच एक पदर कुरतडून टाकला जातो,
दुसरा एकटा आत येतो
भिजून आलेल्या पाहुण्यासारखा,
आणि प्रथिनं त्याला लगेच लपेटून घेतात,
नाहीतर घरचीच कात्री त्याचे तुकडे करील.

मग शोध.
वीस लाख अक्षरांच्या ओळीवर
तो स्वतःला लावून लावून बघतो.
इथे? नाही.
इथे? थोडंसं.
इथे?
जिथे दोन्ही टोकांना पुरेसं सारखं निघतं
तिथे जुना तुकडा बाजूला सरतो, नवा त्याच्या जागी बसतो.
मधलं एखादं अक्षर वेगळं असलं तरी चालतं.
त्या एका अक्षरासाठीच तर मी
प्लेटमध्ये स्ट्रेप्टोमायसिन घातलंय.

काल रात्री रेणूला विचारलं, जेवलीस का?
(नाव तिच्या बाबांनी ठेवलं, मला विनोद उशिरा कळला.)
ती म्हणाली, आय.
मी डाव हातात धरून उभी.
मिरजेला आमच्या भिंतीपलीकडची पोरं
दिवसभर हाका मारायची, आय, ए आय, भूक लागली.
रेणूचं आय म्हणजे हो.
शाळेच्या रांगेतून उचललेलं,
किंवा बावीस नंबरच्या बसच्या ड्रायव्हरकडून.
आत आलं, लावून बघितलं, बसलं.
आता ती मला हाक मारते की होकार देते
हे मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळतं.

मराठीत बोल, असं म्हणणारच होते.
पण तिच्या दप्तराला लटकलेली चावी पोर्तुगीज,
ताटातला बटाटाही,
तिच्या वहीवरची तारीख अरबी
आणि जिला ती फोनवर अक्का म्हणते ती अक्का कानडी.
आत येताना यांनी उंबऱ्यावर काय टाकलं
ते कोण सांगणार?
मी भाजी वाढली.

जोड बसली तरी पेशी काही काळ धड ही नसते, धड ती नसते.
एका पदरात नवं अक्षर, समोर जुनंच,
दोघांचं जमत नाही, तिथे जरासा फुगवटा.
मग ती दुभंगते,
एक लेक आईसारखी, एक त्या मेलेल्या कुणासारखी.
कोण कुठली, ते औषधात पडेपर्यंत कळत नाही.

सकाळी प्लेटवर एकोणीस ठिपके,
राखाडी, भोवती हिरवट कडं.
बाकीच्या लाखो गेल्या.
इश्बेल कोट न काढताच माझ्या खांद्यावरून वाकली,
केसांतून गार हवेचा वास.
एकोणीसच?
आय, मी म्हणाले,
आणि झाकणावर मार्करने तारीख घातली.